पॅरालिम्पिकची पात्रता: वर्गीकरण, कोटा आणि निवड

४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या स्ताद द फ्रान्स मैदानावर पुरुषांच्या एफ-४६ गटातील गोळाफेकीची अंतिम फेरी झाली. सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर फेकीसह रौप्यपदक मिळवले. कॅनडाच्या ग्रेग स्ट्युअर्ट यांनी १६.३८ मीटर फेक करून सुवर्णपदक जिंकले. दोघांतील अंतर अवघे सहा सेंटिमीटर होते. स्ट्युअर्ट सात फुटांहून उंच आहेत आणि त्यांना जन्मापासून डाव्या हाताचा कोपराखालील भाग नाही. खिलारी यांचा डावा हात शालेय वयात सायकलवरून पडल्यामुळे कायमचा निकामी झाला. देहयष्टी इतकी भिन्न असलेल्या या दोन खेळाडूंना एका वर्तुळात, एकाच पदकासाठी कोणी आणि कोणत्या निकषांवर उभे केले, हा प्रश्न सामना पाहणाऱ्या अनेकांच्या मनात आला असेल.

ऑलिम्पिकच्या खेळाडूला मुख्यतः एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: कामगिरी पुरेशी आहे का? पॅरालिम्पिकच्या खेळाडूपुढे प्रश्न चार असतात. आपल्या शरीराची मर्यादा त्या खेळाच्या नियमांत बसते का? आपल्या वर्गाची स्पर्धा यंदाच्या कार्यक्रमात आहे का? आपल्या कामगिरीतून देशाला जागा मिळते का? आणि ती जागा देश आपल्यालाच देतो का? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांचा खेळाडूच्या मेहनतीशी फारसा संबंध नसतो. अनेक कुटुंबांची वर्षे आणि पैसा वाया जातो तो नेमका त्यांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. म्हणून हा लेख त्या चार प्रश्नांच्या क्रमानेच मांडला आहे. शेवटी परदेशस्थ कुटुंबांना भेडसावणाऱ्या नागरिकत्वाच्या मुद्द्याचाही विचार केला आहे.

दाखल्याची टक्केवारी आणि खेळाची पात्रता

भारतात दिव्यांगत्वाची पहिली ओळख म्हणजे शासकीय प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. त्यामुळे हाच दाखला खेळालाही चालेल, असा समज सर्वदूर आहे. तो चुकीचा आहे. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीच्या नियमांत टक्केवारीला स्थान नाही.

समितीने दहा प्रकारच्या मर्यादा पात्र मानल्या आहेत. स्नायूंची शक्ती कमी असणे, सांध्यांची हालचाल मर्यादित असणे, हात किंवा पाय अंशतः वा पूर्णतः नसणे, दोन पायांच्या लांबीत फरक असणे, खुजी उंची, स्नायूंचा वाढलेला ताठरपणा, हालचालींतील समन्वयाचा अभाव, अनैच्छिक हालचाली, दृष्टिदोष आणि बौद्धिक मर्यादा, अशी ती यादी आहे. मर्यादा कायमस्वरूपी असावी लागते आणि तिच्यामागचे वैद्यकीय कारण कागदपत्रांनी सिद्ध करावे लागते.

या यादीत काय नाही, हे जाणणेही तितकेच महत्त्वाचे. केवळ वेदना, सांध्यांचा अतिलवचीकपणा, हृदयाचे वा श्वसनाचे विकार यांना पॅरालिम्पिकमध्ये पात्रता नाही. भारतीय कायद्यात समाविष्ट असलेले थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्तविकारही स्वतंत्रपणे पात्र ठरत नाहीत. मात्र अशा विकारामुळे एखाद्या सांध्याची हालचाल कायमची मर्यादित झाली असेल, तर त्या सांध्याचा विचार होऊ शकतो. कर्णबधिर खेळाडूंची वाट तर पूर्णपणे वेगळी आहे. त्यांच्यासाठी १९२४ पासून डेफलिम्पिक ही स्वतंत्र स्पर्धा होते, आणि तिथे चांगल्या कानाची श्रवणहानी किमान ५५ डेसिबल असावी लागते. बौद्धिक मर्यादा असलेल्यांसाठीची स्पेशल ऑलिम्पिक चळवळही पॅरालिम्पिकहून निराळी आहे. तिचा भर सर्वांच्या सहभागावर असतो, तर पॅरालिम्पिकमध्ये उच्च कामगिरी हाच निकष आहे.

यादीतील मर्यादा असणे हीसुद्धा अर्धीच पात्रता होय. प्रत्येक खेळाने किमान मर्यादेचा स्वतःचा निकष ठरवलेला आहे. मर्यादा त्या खेळातील मूलभूत कृतींवर परिणाम करण्याइतकी तीव्र असावी लागते. उदाहरणार्थ, ॲथलेटिक्समधील एफ-४१ या खुज्या उंचीच्या वर्गासाठी पुरुषाची उंची १४५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि हाताच्या लांबीचीही मोजणी होते. पॅरिसमध्ये भालाफेकीचे सुवर्णपदक मिळवणारे नवदीप सिंग याच वर्गातले. एका खेळात पात्र ठरलेली व्यक्ती दुसऱ्या खेळात अपात्र ठरू शकते. त्यात अन्याय नाही. बोट गमावलेल्या माणसाला धावताना जो अडथळा येत नाही, तो त्याला अन्य एखाद्या खेळात येऊ शकतो.

वर्गीकरण कसे होते

पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक मिळवून दिले. १९६५ च्या युद्धात या सैनिकाला गोळ्या लागल्या होत्या. त्या काळी वर्गीकरण वैद्यकीय निदानावर चालत असे. मणक्याला इजा कोणत्या पातळीवर झाली, यावरून खेळाडूचा वर्ग ठरे. गेल्या काही दशकांत ही पद्धत मागे पडली. आज निदानाऐवजी खेळातील प्रत्यक्ष क्षमता पाहिली जाते. निरनिराळ्या कारणांनी आलेल्या मर्यादांचा खेळावरील परिणाम सारखा असेल, तर खेळाडू एकाच वर्गात येतात. खिलारी आणि स्ट्युअर्ट समोरासमोर आले ते यामुळे. उंची, वजन, प्रशिक्षणाची गुणवत्ता अशा नैसर्गिक वा मिळवलेल्या फरकांची भरपाई करणे हे वर्गीकरणाचे काम नव्हे. दिव्यांगत्वाचा निकालावरील परिणाम कमीत कमी ठेवणे, एवढेच त्याचे उद्दिष्ट आहे.

प्रत्यक्ष तपासणी प्रशिक्षित वर्गीकरण पथक करते. पथकात सहसा डॉक्टर वा फिजिओथेरपिस्ट आणि त्या खेळाचा तांत्रिक जाणकार असतो. आधी वैद्यकीय कागदपत्रे पाहिली जातात. मग स्नायूंची शक्ती, सांध्यांची हालचाल, अवयवांची लांबी किंवा दृष्टी मोजली जाते. त्यानंतर खेळातील कृती करून दाखवाव्या लागतात आणि गरज भासल्यास प्रत्यक्ष स्पर्धेत खेळताना निरीक्षण होते. बौद्धिक मर्यादेच्या बाबतीत बुद्ध्यांक ७५ किंवा त्याहून कमी असणे, दैनंदिन व्यवहारातील अडचणी आणि ही स्थिती वाढीच्या वयातच सुरू झालेली असणे, या तिन्हींचे पुरावे लागतात.

तपासणीअंती मिळतो तो वर्ग. ॲथलेटिक्समध्ये धावणे व उड्यांसाठी टी आणि फेकीसाठी एफ हे अक्षर असते. ११ ते १३ हे आकडे दृष्टिदोषाचे, २० बौद्धिक मर्यादेचा, ३१ ते ३८ समन्वयाच्या विकारांचे, ४० व ४१ खुज्या उंचीचे, ४२ ते ४७ हातापायांच्या मर्यादांचे, ५१ ते ५७ बसून खेळणाऱ्यांचे आणि ६१ ते ६४ कृत्रिम पायांचे. गटातला आकडा जितका लहान, तितकी मर्यादा अधिक तीव्र, असा सर्वसाधारण नियम आहे. जलतरणात शारीरिक मर्यादांसाठी एस-१ ते एस-१० असे वर्ग आहेत. सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याचे सुयश जाधव रिओ आणि टोक्योत एस-७ वर्गात पोहले. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला १ ते ४.५ गुण दिले जातात आणि मैदानावरील पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ शकत नाही. त्यामुळे तीव्र मर्यादा असलेल्या खेळाडूलाही संघात हक्काचे स्थान मिळते. पॉवरलिफ्टिंगमध्ये मात्र एकच वर्ग असून विभागणी केवळ वजनाप्रमाणे होते.

वर्ग मिळाला, तरी दर्जा पाहावा

वर्गाबरोबर खेळाडूला एक दर्जाही मिळतो आणि तो वर्गाइतकाच निर्णायक ठरतो. मर्यादा बदलण्याची शक्यता नसेल, तर वर्ग कायम केला जातो. आजार वाढणारा असेल, शरीराची वाढ चालू असेल किंवा पथकाला शंका असेल, तर पुनर्तपासणीची अट घातली जाते. पॅरिससाठी ॲथलेटिक्सचा नियम असा होता: खेळाडूचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण झालेले असावे, आणि वर्ग कायम तरी असावा किंवा पुनर्तपासणीची तारीख ३१ डिसेंबर २०२४ नंतरची असावी.

वर्गीकरणाची टांगती तलवार किती धारदार असते, हे टोक्योत दिसले. २९ ऑगस्ट २०२१ रोजी भारताचे विनोद कुमार यांनी एफ-५२ थाळीफेकीत १९.९१ मीटर फेकीसह तिसरे स्थान मिळवले. स्पर्धेपूर्वी त्यांना हा वर्ग देण्यात आला होता. प्रतिस्पर्ध्यांच्या हरकतीनंतर झालेल्या फेरतपासणीत पथकाला त्यांना कोणताही वर्ग देता आला नाही, आणि दुसऱ्याच दिवशी निकाल रद्द होऊन कांस्यपदक गेले. त्याच स्पर्धेआधी व्हीलचेअर बास्केटबॉलमधील ४ आणि ४.५ गुणांच्या खेळाडूंची नव्या निकषांवर फेरतपासणी झाली होती. पूर्वी आपल्या देशासाठी खेळलेले काही जण तीत अपात्र ठरले.

हे नियम इतके कठोर होण्याला इतिहास आहे. सिडनी २००० मध्ये बौद्धिक मर्यादेच्या गटात सुवर्णपदक जिंकणाऱ्या स्पॅनिश बास्केटबॉल संघातील १२ पैकी १० खेळाडूंना तशी मर्यादा नव्हतीच, असे उघड झाले. परिणामी बौद्धिक मर्यादेच्या सर्व स्पर्धा पॅरालिम्पिकमधून वगळल्या गेल्या आणि लंडन २०१२ मध्ये मोजक्या खेळांत परतल्या. एका संघाच्या लबाडीची किंमत जगभरच्या प्रामाणिक खेळाडूंनी बारा वर्षे मोजली. तपासणीत मुद्दाम कमी क्षमता दाखवणे हा आज गंभीर गुन्हा मानला जातो आणि त्यासाठी दीर्घ बंदी येऊ शकते.

स्पर्धा कार्यक्रमात आहे का?

पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये २२ खेळांत ५४९ पदकस्पर्धा झाल्या. आकडा मोठा वाटतो. पण वर्ग, लिंग आणि प्रकार यांचा गुणाकार केला की प्रत्येक वर्गाला प्रत्येक प्रकारात जागा देणे अशक्य होते. कोणत्या स्पर्धा घ्यायच्या हे दर वेळी नव्याने ठरते. खेळाडूंची संख्या आणि किती देश सहभागी होतात, याला त्यात महत्त्व असते.

याची झळ भारतीय खेळाडूंना बसली आहे. देवेंद्र झाझरिया यांनी अथेन्स २००४ मध्ये भालाफेकीचे सुवर्णपदक ६२.१५ मीटरच्या विश्वविक्रमासह जिंकले. बीजिंग २००८ आणि लंडन २०१२ मध्ये त्यांच्या वर्गाची भालाफेकच नव्हती. ती परतली रिओ २०१६ मध्ये, आणि त्यांनी ६३.९७ मीटर भाला फेकून पुन्हा विश्वविक्रमासह सुवर्ण जिंकले. मधली बारा वर्षे त्यांना पॅरालिम्पिकची वाट पाहावी लागली. मुंबईच्या अभियंता मानसी जोशी यांनी २०११ मध्ये रस्ता अपघातात पाय गमावला आणि २०१९ मध्ये बाझेल येथे एसएल-३ वर्गातील बॅडमिंटनचे जगज्जेतेपद मिळवले. टोक्योत बॅडमिंटनचे पदार्पण झाले, पण त्यांच्या वर्गाची महिला एकेरी कार्यक्रमात नव्हती. जगज्जेत्या खेळाडूला एकेरीत उतरण्यासाठी पॅरिसपर्यंत थांबावे लागले.

कधी दोन वर्ग एकत्र करून स्पर्धा वाचवली जाते. अशा वेळी खेळाडूला सौम्य मर्यादा असलेल्या किंवा वेगळे साधन वापरणाऱ्या स्पर्धकांशी झुंजावे लागते. प्रवीण कुमार टी-४४ वर्गाचे आहेत, पण पॅरिसमध्ये टी-६४ च्या उंच उडीत खेळून त्यांनी २.०८ मीटरसह सुवर्ण जिंकले.

कामगिरीपासून कोट्यापर्यंत

पात्रतेची रीत प्रत्येक खेळात निराळी असते. बॅडमिंटन, टेबल टेनिस आणि व्हीलचेअर टेनिसमध्ये क्रमवारीला वजन असते. नेमबाजी आणि तिरंदाजीत ठरावीक आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून जागा मिळवाव्या लागतात. पॉवरलिफ्टिंगमध्ये नेमून दिलेल्या स्पर्धांत उतरणे सक्तीचे असते आणि मग क्रमवारी पाहिली जाते.

ॲथलेटिक्समध्ये पॅरिससाठी अनेक मार्ग खुले होते. २०२३ च्या जागतिक स्पर्धेतील पहिल्या चार क्रमांकांनी आपापल्या देशाला एकेक जागा मिळवून दिली. त्या स्पर्धेत खिलारी यांनी १६.२१ मीटरसह सुवर्ण जिंकले होते. २०२४ च्या कोबे येथील जागतिक स्पर्धेतून पहिल्या दोन क्रमांकांना संधी होती आणि उरलेल्या जागा क्रमवारी व उच्च कामगिरीच्या निकषांवर वाटल्या गेल्या. एका देशाचे एका स्पर्धेत तीनपेक्षा अधिक खेळाडू उतरू शकत नाहीत. याखेरीज समिती आणि खेळाची जागतिक संघटना मिळून काही निमंत्रणे देतात, ती मुख्यतः लहान देशांना आणि विशेष परिस्थितीतील खेळाडूंना उपयोगी पडतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मान्यताप्राप्त स्पर्धेत आणि परवानाधारक खेळाडूने नोंदवलेली कामगिरीच धरली जाते. सरावात कितीही लांब फेक केली, तरी तिचा उपयोग नाही. दुसरे म्हणजे उत्तेजकविरोधी नियम इथेही तितकेच कडक आहेत. टोक्योचे सुवर्णविजेते बॅडमिंटनपटू प्रमोद भगत यांना ठावठिकाणा कळवण्याच्या नियमाचा भंग झाल्याबद्दल अठरा महिन्यांची बंदी आली आणि पॅरिस हुकले.

कोटा देशाचा, निवड संघटनेची

बहुतेक खेळांत मिळालेली जागा खेळाडूच्या नव्हे, तर त्याच्या देशाच्या पॅरालिम्पिक समितीच्या नावे जमा होते. तिच्यावर कोणाला पाठवायचे हे राष्ट्रीय संघटना ठरवते. भारतात हे काम भारतीय पॅरालिम्पिक समिती करते. निवडीचे निकष आधीच स्पष्ट नसले, तर वाद अटळ ठरतो. टोक्योपूर्वी नेमबाज नरेश शर्मा यांनी निवड न झाल्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने त्यांचे नाव सुचवण्याचा आदेश दिला, तरीही ते टोक्योत खेळू शकले नाहीत. न्यायालयाचा निकाल बाजूने लागला, तरी स्पर्धेचे वेळापत्रक कोणासाठी थांबत नाही. संघटनेच्या कारभाराचाही फटका खेळाडूलाच बसतो. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने भारतीय समितीला निलंबित केले होते, तेव्हा खेळाडूंच्या भवितव्यावर अनिश्चिततेचे सावट होते.

त्यानंतरचा प्रवास मात्र आश्वासक आहे. रिओत भारताचे १९ खेळाडू आणि ४ पदके होती. टोक्योत ५४ खेळाडू आणि १९ पदके, तर पॅरिसमध्ये ८४ खेळाडू आणि २९ पदके. संख्या वाढली तशी देशांतर्गत चुरसही वाढली आहे.

परदेशस्थ कुटुंबांसाठी: कोणत्या देशाकडून?

पॅरालिम्पिकमध्ये खेळाडू ज्या देशाचे प्रतिनिधित्व करतो, त्या देशाचे नागरिकत्व त्याच्याकडे असावे लागते. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. अमेरिकेत जन्मलेल्या, तिथलाच पासपोर्ट असलेल्या मराठी मुलाला भारतातर्फे खेळता येत नाही. त्याची वाट अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यवस्थेतून जाते. ब्रिटिश पासपोर्ट असेल तर ब्रिटनच्या व्यवस्थेतून. उलट दुबई, दोहा वा मस्कतमध्ये वाढणारी भारतीय पासपोर्टधारक मुले भारतीय पॅरालिम्पिक समितीमार्फतच पात्रतेकडे जातात, मग त्यांचे वास्तव्य कुठेही असो. एका देशातर्फे खेळल्यानंतर दुसऱ्या देशातर्फे उतरायचे असेल, तर साधारणपणे तीन वर्षांची प्रतीक्षा असते. म्हणून कुटुंब नागरिकत्व बदलण्याच्या विचारात असेल, तर खेळाडू मुलाचा प्रश्न त्या निर्णयाआधीच चर्चेला घ्यावा.

आखाती देशांतील वाचकांना एक सोय आहे. दुबईत दिव्यांग खेळाडूंच्या नामांकित आंतरराष्ट्रीय स्पर्धा नियमित भरतात. भारतीय खेळाडूंना आंतरराष्ट्रीय वर्गीकरणासाठी वर्षानुवर्षे अशाच ठिकाणी जावे लागत असे. मार्च २०२५ मध्ये नवी दिल्लीत जागतिक पॅरा ॲथलेटिक्सची ग्रां प्री आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा मायदेशातच दारे किंचित उघडली. तरीही ग्रामीण महाराष्ट्रातील नवोदित खेळाडूला पहिला आंतरराष्ट्रीय प्रवास हाच सर्वांत अवघड खर्च वाटतो.

सुरुवात कोठून करावी

१. मुलाचे सर्व वैद्यकीय अहवाल जपून ठेवावेत. मूळ निदान, शस्त्रक्रिया आणि चाचण्यांची कागदपत्रे इंग्रजीत आणि अद्ययावत असावीत.

२. खेळ निवडण्याआधी त्या खेळाच्या जागतिक संघटनेचे वर्गीकरणाचे नियम वाचावेत आणि किमान मर्यादेचा निकष अनुभवी फिजिओथेरपिस्टकडून पडताळून घ्यावा.

३. राज्य वा राष्ट्रीय स्तरावर नोंदणी करून प्राथमिक वर्गीकरण करून घ्यावे. हा वर्ग तात्पुरता असतो आणि आंतरराष्ट्रीय पथक तो बदलू शकते, हे मुलालाही सांगावे.

४. लॉस एंजेलिस पॅरालिम्पिक १५ ते २७ ऑगस्ट २०२८ या काळात होईल. संभाव्य वर्गाची स्पर्धा तिच्या कार्यक्रमात आहे का, हे पाहावे. नसेल तर प्रकार किंवा खेळ बदलण्याचा विचार लवकर करावा.

५. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण पात्रतेच्या शेवटच्या वर्षावर ढकलू नये. पुनर्तपासणीची अट पडल्यास आणखी एक प्रवास लागतो.

परदेशातील मराठी मंडळे आणि व्यावसायिक अनेकदा पदक मिळाल्यानंतर खेळाडूचा सत्कार करतात, आणि तो व्हायलाच हवा. पण पैशाची खरी गरज त्याच्या कितीतरी आधी भासते: नाव अजून कोणाला माहीत नसलेल्या खेळाडूच्या पहिल्या वर्गीकरणाच्या वेळी. त्या विमान तिकिटाची आणि आठवडाभराच्या मुक्कामाची सोय झाली, की निदान त्याला आपण या खेळाला पात्र आहोत की नाही, याचे निश्चित उत्तर मिळते. उत्तर नकारार्थी असले, तरी ते वेळेवर मिळणे हिताचे. दुसरा खेळ शोधायला त्याच्याकडे तोवर वर्षे शिल्लक असतात.